आल्पहॉर्न

आल्पहॉर्न : स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातील गुराख्यांचे लांब लाकडी सुषिर (फुंकून वाजवायचे) वाद्य. फ्रेंच भाषक भागात त्याला ‘कोर दे झाल्प’ म्हणतात. गुरे हाकारणे, दूध काढताना गाई शांत ठेवणे आणि एका कुरणावरून दुसऱ्या कुरणाला इशारा देणे ही त्याची मूळ कामे.

उगमाविषयी एकमत नाही. स्वित्झर्लंडमधील ऑर्ब येथील रोमनकालीन कुट्टिमचित्रात (रंगीत तुकड्यांनी जडवलेल्या फरशीवरील चित्रात) शिंग फुंकणारा एक माणूस दिसतो. काही अभ्यासक तोच या वाद्याचा पूर्वज मानतात. परंतु ते वाद्य आखूड आहे आणि मधल्या हजारभर वर्षांचा दुवा सापडत नाही. युक्रेनची ट्रेंबिटा व रोमानियाचे बुचुम ही वाद्ये याच घडणीची असल्यामुळे, डोंगराळ पशुपालक समाजांत ते स्वतंत्रपणे घडले असावे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. लेखी पुरावा १५२७ पासून मिळतो. त्या वर्षी सांक्ट उर्बान मठाच्या हिशेबवहीत वाले प्रांतातील एका वादकाला दोन बाट्झन (त्या काळची नाणी) दिल्याची नोंद आहे. १५५५ मध्ये स्विस निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नरने सुमारे अकरा फूट लांबीच्या, दोन पोकळ फाळ्या जोडून बांधलेल्या वाद्याचे वर्णन केले.

घडण : डोंगरउतारावर वाढलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे खोड बुंध्याशी आपोआप वळलेले असते, तोच वाक वाद्याच्या रुंद मुखाला उपयोगी पडतो. खोड उभे चिरून दोन्ही फाळ्या आतून कोरतात, भिंत काही मिलिमीटर जाडीची ठेवतात, फाळ्या सरसाने जोडतात आणि वरून वेत गुंडाळतात. हल्ली नळीचे दोन-तीन भाग धातूच्या कड्यांनी जोडतात आणि मुख ठोकळे चिकटवून घडवतात. सांधा थोडाही झिरपला तर वरचे स्वर फाटतात. वादनानंतर आत साठलेले पाणी काढले नाही, किंवा वाद्य तापवलेल्या कोरड्या खोलीत ठेवले, तर लाकूड तडकते. फुंकण्याची मुखनळी कठीण लाकडाची व वेगळी असते.

स्वर : स्वित्झर्लंडमध्ये वाद्य बहुधा फा-शार्प (F♯) पट्टीचे असते व त्याची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. जर्मनी-ऑस्ट्रियात फा (F) पट्टी अधिक चालते, म्हणून नळी थोडी लांब. या दोन पट्ट्यांची वाद्ये एकत्र वाजवता येत नाहीत. एकत्र वाजवायची तर फा-शार्प वाद्याचा मधला भाग बदलून लांबी वाढवावी लागते. छिद्रे वा झडपा नसल्याने केवळ स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वराच्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींतले स्वर, निघतात. मूळ स्वर फारसा वापरत नाहीत. दुसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे स्वर नेहमीचे, कसलेले वादक सोळाव्यापर्यंत जातात. आठव्याला षड्ज मानल्यास अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळजवळ मधोमध पडतो. हाच ‘आल्पहॉर्न-फा’. तो बेसूर नव्हे, नळीचा स्वाभाविक स्वर आहे. समस्वरित (सप्तकाचे बारा समान भाग पाडून जुळवलेल्या) पियानोची सवय झालेल्या संगीतकारांनी तो टाळला, काही वादकांनी ओठांनी ओढून ‘दुरुस्त’ केला. त्यामुळे वाद्याचे वेगळेपण हरवते. श्वित्झ भागातील मुओटाटाल खोऱ्यातील योडेलगायनात (खालच्या व वरच्या आवाजांत झटपट पालटत गाण्याच्या डोंगरी पद्धतीत) मात्र तो टिकून आहे. थंड हवेत ध्वनीचा वेग घटून पट्टी उतरते, म्हणून सामूहिक वादनाआधी नळ्या फुंकून उबदार करून घेतात.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : चीज करण्याचे काम कुरणांवरून खालच्या गावांतील दुग्धशाळांत गेल्यावर वाद्याची गरज ओसरली, काही वादक हिवाळ्यात शहरांतून भिक्षा मागत. १८०५ च्या ऊनश्पुनेन या गुराख्यांच्या लोकोत्सवात स्पर्धेला दोनच वादक आले. बर्नचे निक्लाउस फोन म्युलिनेन यांच्या पुढाकाराने १८२६ च्या सुमारास ग्रिंडेलवाल्ड येथे संगीतकार फेर्डिनांड हूबर यांनी तरुणांना वादन शिकवले. आजचे राष्ट्रीय प्रतीक या प्रयत्नांतून घडले. अखंड परंपरा म्हणणे अवघड आहे. १८६८ मध्ये जर्मन संगीतकार ब्राम्सने पियानोवादक क्लारा शूमानला पाठवलेली आल्पहॉर्नची धून पुढे त्याच्या पहिल्या सिंफनीच्या अंतिम भागात आली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या योडेल महासंघात योडेलगायन व ध्वजफेक यांच्यासोबत हे वाद्यही आहे.

प्रकार : श्वित्झ भागातील ‘ब्युखेल’ ट्रंपेटसारखे दुमडलेले असते. ग्राउब्युंडेनच्या रोमांश भाषक खोऱ्यांत ‘टिबा’ हे आखूड, सरळ वाद्य आढळते.