सीमावर्ती तरुणांचे जीवनसमाधान (जम्मू)

सीमेलगत वाढणाऱ्या तरुणांची श्रद्धा, संकटातून सावरण्याची त्यांची ताकद आणि स्वतःच्या आयुष्याबद्दलचे समाधान यांचा एकमेकांशी संबंध तपासणारा मानसशास्त्रातील विषय. मराठीत ‘सीमाभाग’ म्हटले की बेळगाव-निपाणी आठवते. तिथला झगडा भाषेचा. इथे विचार जम्मूच्या मैदानी पट्ट्याचा आहे : रणबीरसिंहपुरा, अर्निया, रामगढ, हिरानगर. भारत इथल्या रेषेला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणतो, पाकिस्तान ‘वर्किंग बाउंडरी’ (कामापुरती सीमा). बासमतीची शेते रेषेपर्यंत भिडलेली. कित्येकांची जमीन तारेच्या कुंपणापलीकडे असल्याने फाटक उघडेल तेव्हाच शेतात जायचे.

जीवनसमाधान मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एड डीनर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेली पाच विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक विधानाला १ ते ७, एकूण ५ ते ३५ गुण. शेवटच्या विधानाचा आशय असा, की आयुष्य पुन्हा जगता आले तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. अर्नियातल्या विशीतल्या मुलापुढे हे विधान ठेवले तर त्याला बदलायचे असते ते बहुधा गावाचे ठिकाण, आणि ते काही त्याच्या हातात नाही. तेव्हा गुण कमी पडले म्हणून मन खचलेले आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

सावरण्याची ताकद काही विरळा देणगी नव्हे, ती घर, शाळा, ओळखीची माणसे अशा साध्या गोष्टींतून येते, असे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये मांडले. सीमेपलीकडून गोळीबार सुरू झाला की पहिला घाला याच गोष्टींवर पडतो. शाळा बंद होतात, बायकामुले छावणीत जातात आणि म्हशींची धार काढायला घरातला एखादा पुरुष जीव मुठीत धरून मागे राहतो. जम्मू विभागाच्या सीमावर्ती जिल्ह्यांसाठी केंद्राने १४,४६० बंकर मंजूर केले. नोकरी-शिक्षणातले आरक्षण आधी फक्त नियंत्रण रेषेलगतच्या (काश्मीरमधल्या भारत-पाक ताबारेषेजवळच्या) रहिवाशांना होते. २०१९ च्या कायद्याने ते या पट्ट्यालाही लागू झाले. समाधानाच्या चर्चेत अशा रुक्ष बाबी वगळल्या जातात, हे चुकीचेच.

श्रद्धेचा आधार एकेरी नसतो. धर्माचे मानसशास्त्र अभ्यासणारे केनेथ पार्गामेंट यांनी देवावर भार टाकून सावरणे आणि ‘देवाने शिक्षा दिली’ म्हणून कुढणे यांत फरक केला. जम्मूत आणखी एक अंग आहे : श्रद्धा इथे एकत्र जमण्यातून दिसते. जम्मूतल्या डोगरा समाजाच्या बिरादऱ्या (कुळे) वर्षातून एकदा कुलदेवतेच्या स्थानी जमतात, त्याला ‘मेल’ म्हणतात. शहरात गेलेली पोरेही त्या दिवशी परततात.

सांबा जिल्ह्यात रामगढजवळ, ऐन रेषेवर, बाबा चमलियाल म्हणजे बाबा दलीपसिंह मन्हास यांचे स्थान आहे. इथली माती ‘शक्कर’ आणि विहिरीचे पाणी ‘शरबत’. दोन्ही अंगाला लावल्याने त्वचेचे विकार जातात, असा भाविकांचा विश्वास. जूनमधल्या चौथ्या गुरुवारी जत्रा भरते. परंपरेप्रमाणे पाकिस्तानी रेंजर्स (तिकडचे सीमारक्षक) चादर आणत आणि पलीकडच्या भाविकांसाठी शक्कर-शरबत घेऊन जात. जून २०१८ मध्ये याच भागात सीमा सुरक्षा दलाचे चार जण गोळीबारात मारले गेले आणि त्या वर्षीची जत्रा रद्द झाली. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळण्याचे जाहीर केल्यावर पट्टा बराच काळ शांत राहिला. मे २०२५ मध्ये पुन्हा तोफा सुरू झाल्या आणि माणसे पुन्हा गावे सोडून निघाली.