तागलित की मासा? बेने इस्राएल तरुणांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

बेने इस्राएल म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. ज्यू तरुणांना इस्रायल पाहण्यासाठी किंवा तिथे काही काळ राहून शिकण्यासाठी दोन मोठ्या योजना आहेत: तागलित आणि मासा. दोन्हींच्या अटी वेगळ्या आहेत, पण घरोघरी त्यांची सरमिसळ होते आणि एकीची अट वाचून दुसरीचा अर्ज भरला जातो.

तागलित

बर्थराइट इस्रायल या इंग्रजी नावानेही ओळखली जाणारी ही दहा दिवसांची मोफत सहल. चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या देणगीदारांच्या पुढाकाराने 1999 मध्ये ती सुरू झाली. इस्रायल सरकार आणि जगभरच्या ज्यू संस्थाही तिच्या खर्चाला हातभार लावतात. वयाची अट 18 ते 26. आई किंवा वडील यांपैकी एक तरी जन्माने ज्यू हवा, किंवा अर्जदाराने मान्यताप्राप्त पद्धतीने धर्मांतर केलेले हवे. अर्जदार दुसरा धर्म पाळणारा नसावा. वयाच्या बाराव्या वर्षानंतर इस्रायलमध्ये वास्तव्य झालेले असेल, तर अर्ज बाद होतो. अठरा पूर्ण झाल्यावर अशाच एखाद्या शैक्षणिक गटाबरोबर जाऊन आलेल्यांनाही पुन्हा संधी नाही. सुट्टीत इस्रायलमध्ये रामल्याच्या मावशीकडे किंवा दिमोनाच्या काकांकडे महिनाभर राहून आलात, तर मात्र अडचण नाही. ती नातेवाइकांची भेट झाली, गटसहल नव्हे. तरी अर्जात ती लपवू नका. मुलाखतीत आणि व्हिसाच्या वेळी जुने प्रवास विचारले जातातच.

मासा

2004 मध्ये इस्रायल सरकार आणि ज्यू एजन्सी (जगभरच्या ज्यूंना इस्रायलशी जोडणारी संस्था) यांनी मिळून मासा उभी केली. हा काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचा मुक्काम असतो: शिक्षण, इंटर्नशिप, स्वयंसेवा, हिब्रूचा वर्ग. पात्रता ठरते ती 1950 च्या ‘परतीच्या कायद्या’वरून, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावरून. 1970 च्या दुरुस्तीनंतर त्यात ज्यू व्यक्तीची मुले आणि नातवंडेही येतात. म्हणजे फक्त आजोबा ज्यू असतील, तर तागलितची अट पुरी होत नाही, मासाचे दार मात्र उघडे राहते. मासा पूर्ण मोफत नाही. कार्यक्रमाची फी असते आणि तिच्यातला काही भाग अनुदानातून सुटतो. त्यामुळे आधी कार्यक्रम निवडायचा, तिथे प्रवेश मिळवायचा, मग मासाकडे अनुदान मागायचे. हा क्रम उलटा करून चालत नाही.

खरी मेहनत वंशाच्या पुराव्याची

फॉर्ममध्ये एक रकाना हमखास घोटाळा करतो: ‘तुमच्या रब्बीचे (ज्यू धर्मगुरूचे) नाव’. बेने इस्राएल समाजात सिनेगॉगचा (प्रार्थनास्थळाचा) कारभार मुकादम (प्रमुख), गबाई (खजिनदार) आणि व्यवस्थापन समिती पाहतात, प्रार्थना हजान चालवतो. दीक्षित रब्बी बहुतेक ठिकाणी नसतोच. हे फॉर्म बनवणाऱ्याच्या गावी नाही. रकाना रिकामा सोडू नका, तिथे सिनेगॉगचे नाव आणि मुकादमांचे पद लिहा आणि सोबत लेटरहेडवरचे पत्र जोडा. ‘अमुक हा आमच्या समाजाचा आहे’ एवढ्या एका ओळीने भागत नाही. पत्रात अर्जदाराचे पासपोर्टावरचे पूर्ण नाव, हिब्रू नाव, आईवडिलांची नावे, घराणे किती पिढ्या या सिनेगॉगचे सभासद आहे हे, तारीख, जावक क्रमांक, शिक्का आणि सही करणाऱ्याचे पद, इतके सगळे हवे. कुटुंब ठाण्यात राहते पण नोंदी पेण, पनवेल किंवा अलिबागच्या सिनेगॉगमध्ये आहेत, असे अनेकदा असते. पत्र नोंदी जिथे आहेत तिथूनच घ्या.

पत्राला आधार म्हणून अर्जदाराचा जन्मदाखला, ज्या बाजूने ज्यू वंश दाखवायचा त्या पालकाचा जन्मदाखला आणि आईवडिलांचा केतुबा (ज्यू विवाहाचा लेखी करार) जोडावा. ज्यू विवाहासाठी आपल्याकडे स्वतंत्र संहिताबद्ध कायदा नाही, म्हणून केतुबाबरोबर पालिकेचा विवाह नोंदणी दाखला असलेला बरा. पालकाचा जन्मदाखला नसेल, तर शाळा सोडल्याचा दाखला कामी येतो, कारण जुन्या दाखल्यांत धर्माचा रकाना असतो. तिथे ‘ज्यू’, ‘यहुदी’, ‘बेने इस्राएल’ यांपैकी काहीही लिहिलेले सापडते. मराठीतल्या दाखल्याचे नोटरी केलेले इंग्रजी भाषांतर द्या. आजोबा-आजींच्या कबरीवरच्या हिब्रू मजकुराचा स्पष्ट फोटोही पूरक पुरावा ठरतो. महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या आधारे मिळालेला दाखला जोडायला हरकत नाही, पण एकट्या त्या कागदाने वंश सिद्ध होत नाही.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावांवर. कोकणात राहून समाजाची नावे मराठी वळणाची झाली: अब्राहमचा अबाजी, सॅम्युअलचा सामाजी, एलियाचा एलोजी. नातवाच्या पासपोर्टवर इंग्रजी नाव, वडिलांच्या दाखल्यावर मराठी, केतुब्यावर हिब्रू. आडनावांचेही तेच. पेणकर, दिवेकर, किहीमकर ही नावे गावावरून आली खरी, पण जुन्या दाखल्यात आडनाव नसून नुसते वडिलांचे नाव असते, आणि जिथे आडनाव आहे तिथे रोमन स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे. मुंबईत बसलेल्या कारकुनाला हे समजेल. परदेशात फाइल तपासणाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटतात. यावर उपाय म्हणून ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि नावाच्या प्रत्येक रूपापुढे ते कोणत्या कागदावर आहे हे लिहा. अर्जदाराच्या स्वतःच्या जन्मदाखल्यात आणि पासपोर्टात फरक असेल, तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. आधी मूळ नोंद दुरुस्त करून घ्या.

अपोस्टिल आणि व्हिसा

तागलितला सहसा प्रती पुरतात. मासाच्या लांब मुक्कामासाठी मात्र काही कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणूनचे सरकारी प्रमाणीकरण) मागितले जाऊ शकते. आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. मंत्रालय अर्ज थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेते. लॅमिनेट केलेला दाखला इथे परत येतो. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळते. ते फार आधी काढून ठेवले तर ऐन वेळी शिळे ठरते.

तागलितच्या दहा दिवसांना पर्यटक व्हिसा पुरतो. शिक्षणाच्या दीर्घ मुक्कामासाठी ए-2 हा विद्यार्थी व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे गेल्यावर बदलू, हा बेत करू नका. महाराष्ट्र आणि गोव्याचे काम मुंबईतल्या इस्रायली वाणिज्य दूतावासाकडे येते. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा.

आई किंवा वडील इस्रायली नागरिक असतील, तर व्हिसाचा अर्ज करण्याआधीच दूतावासात विचारा. परदेशात जन्मलेले असे मूल त्यांच्या कायद्याने नागरिक असू शकते, आणि मग इस्रायली पासपोर्ट व लष्करी सेवेचा प्रश्न पुढे येतो. एरवी तागलित किंवा मासाला गेल्याने नागरिकत्व मिळत नाही. आलिया, म्हणजे इस्रायलमध्ये कायमचे स्थलांतर, हा पूर्ण वेगळा अर्ज आहे. तो केल्यावर इस्रायली नागरिकत्व येते आणि 1955 च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व जाते. नंतर उरतो तो ओसीआयचा (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ नोंदणीचा) मार्ग.

अर्ज आणि मुलाखत

तागलितची नोंदणी हंगामानुसार ऑनलाइन उघडते. त्यानंतर छोटी मुलाखत होते: घरी शब्बाथ (आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस) कसा पाळता, कोणते सण करता, सिनेगॉग कोणता. मलिदा (गोड पोह्यांचा प्रार्थनापूर्वक नैवेद्य) करतो, एलियाहू हनावीला (प्रेषित एलियाला) नवस बोलतो, हे संकोच न करता सांगा. बेने इस्राएल घराची ती ओळखच आहे. औषधे, अ‍ॅलर्जी आणि जुने आजार आरोग्य फॉर्ममध्ये खरे लिहा. भारतातून गट कधी निघतो याची चौकशी मुंबईच्या एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये करावी.

सहलीला जोडून नातेवाइकांकडे राहायचे असेल, तर परतीची तारीख वाढवण्याची विनंती आयोजकांनी दिलेल्या मुदतीतच करा. पुढचे कोणतेही तिकीट पैसे परत मिळणारेच घ्या. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्धामुळे सहली थांबल्या होत्या, आणि जून 2025 मध्ये आकाशमार्ग बंद झाल्यावर तिथे अडकलेल्या सहभागींना जहाजाने सायप्रसला न्यावे लागले होते.