पहाटे पाचचं दुखणं, दुपारी दोनचा डॉक्टर

"आता तशी बरीये मी," असं मावशी डॉक्टरांना म्हणाली आणि मी कपाळाला हात लावला. केजहून सकाळच्या एसटीनं निघून आम्ही संभाजीनगरला पोचलो, नंबर लागेतो दुपारचे दोन वाजले. त्याच दिवशी पहाटे तिला पातेल्यावरचं झाकण उचलत नव्हतं. पण दोन वाजता बोटं मोकळी, चेहरा हसरा. डॉक्टरांनी लिहिलं, आहे तेच औषध चालू ठेवा.

मावशी खोटं बोलत नव्हती. तिला रुमॅटॉइड संधिवात आहे, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. वय झालं की गुडघे कुरकुरतात, ते दुखणं वेगळं. ती झीज असते. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, आणि तरुण बायकांनाही तो गाठतो. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात जातो. आमवातात तो तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो.

पण सकाळीच का? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना छेदतात. त्याच्या किंचित वर शरीराचं मुख्य घड्याळ आहे. त्याच्या तालावर रात्री मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक वाढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल तळाला जातं. कॉर्टिसॉल म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींनी तयार केलेलं, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. दाह आवरणं हे त्याचं एक काम. ते उतरलं की प्रतिकारपेशींना रान मोकळं मिळतं आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 असे दाह पेटवणारे रेणू वाढू लागतात. हे तुमच्या-माझ्यातही होतं, पण थोडक्यात. आमवातात मात्र इंटरल्यूकिन-6 उत्तररात्री चढत जातं आणि सकाळच्या सुमारास कळस गाठतं. त्यात झोपेत सांधा हलत नाही, म्हणून अस्तरात साचलेलं पाणी निचरत नाही. बोटं लाकडासारखी होतात ती अशी.

मग शरीर काहीच करत नाही का? करतं. पहाटे तीनच्या सुमारास कॉर्टिसॉल चढू लागतं, आठच्या आसपास सर्वाधिक असतं. आमवाताच्या रुग्णातही ते बहुधा नेहमीइतकंच येतं, आणि गोम तिथंच आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको: टँकर वेळेवर आला, भरलेलाही होता, पण हंड्यांची रांग तिप्पट झालेली.

या घड्याळावर बेतलेली एक गोळी निघाली. रात्री दहाला घ्यायची, पोटात गेल्यावर चारेक तासांनी उघडते, म्हणजे स्टेरॉइड दोनच्या सुमारास मिळतं. 2008 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिची चाचणी छापून आली. 12 आठवड्यांनी सकाळचा आखडलेपणा सरासरी 44 मिनिटांनी कमी झाला होता. स्टेरॉइड नेहमीसारखं सकाळी घेणाऱ्यांत जवळजवळ फरक नव्हता. (ही गोळी खास बनवलेली आहे. आपली साधी गोळी परस्पर रात्री घेऊ नये.)

आठवडी बाजारात मिळणाऱ्या 'वातावरच्या पुडी'चा गुणही कधी कधी यातूनच येतो. जडीबुटी म्हणून विकलेल्या अशा पुड्यांमध्ये चोरून मिसळलेलं स्टेरॉइड अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत आराम पडतो आणि वैदूबाबाचं नाव होतं. महिनोन् महिने घेतली की शरीराच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात, आणि पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

तर आखडलेपणा मोजणारी रक्ततपासणी नाही. तो रुग्णानंच सांगायचा आणि तोही वेळेवर. "मग वहीत लिहा की," असं कुणीही म्हणेल. 2002 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या, आणि बाइंडरमध्ये ती कधी उघडली हे टिपणारा प्रकाश-संवेदक लपवला होता. रुग्णांच्या म्हणण्यानुसार 90 टक्के नोंदी वेळेवर होत्या. प्रत्यक्षात वेळेवर भरलेल्या निघाल्या 11 टक्के. इलेक्ट्रॉनिक डायरी वापरणाऱ्यांत हे प्रमाण 94 टक्के होतं. शाळेत आपण सुट्टीतलं शुद्धलेखन शेवटच्या रात्री उरकायचो, त्यातलाच हा प्रकार.

मोबाइलवरच्या नोंदीचं मोल मला दिसतं ते एवढंच, की तिच्यावर वेळेचा शिक्का असतो. चकचकीत अॅप, रंगीत आलेख आणि 'एआय तुमचा आजार ओळखेल' ही जाहिरात, यातलं काही त्यासाठी लागत नाही.

प्रश्न मात्र आपल्या जगण्यातले हवेत. संधिवाताच्या रुग्णाला रोजची कामं कितपत जमतात हे विचारणाऱ्या, अमेरिकेतून आलेल्या एका प्रश्नावलीचं भारतीय रूप आहे. त्यात मांडी घालून बसता येतं का, नळ फिरवता येतो का, रिक्षात चढता-उतरता येतं का, असं विचारतात. भाकरी थापता येते का, हे त्यात नाही. मनगट, तळवा आणि दहाही बोटं एका दमात तपासणारी याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

सुजलेल्या अंगठ्यानं मोबाइलवरच्या फॉर्ममधले छोटे चौकोन दाबणं मावशीला जमेना, आणि फोन दिवसभर लेकाच्या खिशात. लेकानं फॉर्म भरला तर त्यात लेकाचं मत यायचं. म्हणून आम्ही फॉर्म सोडून दिला. ती उठल्यावर लगेच एक व्हॉइस मेसेज पाठवते, बोटं सुटल्यावर दुसरा. दोन वेळांमधलं अंतर मी मांडून ठेवतो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि औषध बदललं.

कालचा पहिला मेसेज 5:20 चा होता, दुसरा 6:05 चा. "सुटली बघ बोटं. भाकरी सुनंनंच केली, पण पीठ मी मळलं."