घोड्याचे सर्वांगीण प्रशिक्षण

स्वाराचे ओझे वाहूनही घोड्याची पाठ, सांधे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) म्हातारपणापर्यंत धड राहाव्यात, या हेतूने त्याच्या शरीराची टप्प्याटप्प्याने केलेली घडण. घोडा आज किती उंच उडी मारतो किंवा मान किती सुरेख वाकवतो याला इथे दुय्यम स्थान असते. तो मोकळ्या पाठीने, दोन्ही बाजूंना सारखा वळत आणि न दुखता चालतो का, ही मुख्य कसोटी. व्यायाम, खुरांची निगा, खोगिराचा बसाव, दात, चारा आणि तबेल्यातील मोकळीक या गोष्टी म्हणूनच एकत्र पाहाव्या लागतात. पाठ दुखत असलेल्या घोड्याला व्यायामाने सुधारू पाहणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय.

घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याची छाती पुढच्या दोन पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६०% भार पुढच्या पायांवर असतो आणि स्वार बसला की तो आणखी वाढतो. झोळीचे स्नायू दुबळे असले की छाती खांद्यांच्या मध्ये खाली बसते, पुढचे पाय जमिनीवर आदळतात आणि त्याची किंमत खूर व कंडरा मोजतात. पाठीचे गणितही असेच आहे. मानेतला जाड अस्थिबंध माथ्यापासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत येतो आणि पुढे मणक्यांवरून पाठीत जातो. मान पुढे-खाली लांबवली की हा अस्थिबंध ताणला जाऊन पाठ वर उचलली जाते. पोटाचे स्नायू आवळले आणि मागचे पाय शरीराखाली आले की ती उचललेली राहते. याउलट, डोके वर ओढून चालवलेल्या घोड्याची पाठ खाली पडते आणि मणक्यांची वरची टोके एकमेकांजवळ येतात. ती एकमेकांना घासू लागली की जे दुखणे सुरू होते ते बहुधा खोगिराखालच्याच मणक्यांत असते.

प्रत्येक घोडा जन्मतः थोडा वाकडा असतो. एका बाजूला तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूला ताठ राहतो. सहज वळणारी बाजू ही ‘चांगली’ बाजू असा समज सर्रास आढळतो, पण ती बहुतेकदा आखूड, आकसलेली बाजू असते आणि त्या बाजूचा मागचा पाय वजन घेण्याऐवजी बाहेर पडतो. हा वाकडेपणा तसाच ठेवून वर्षानुवर्षे काम घेतले तर एका पायाच्या वाट्याला सतत जास्त भार येतो. पुढे दिसणाऱ्या लंगडेपणाचे मूळ पुष्कळदा तिथे असते.

या शिक्षणात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायू दोन-तीन महिन्यांत भरतात. हाडाला भार झेलण्याची सवय व्हायला अनेक महिने लागतात आणि कंडरा सगळ्यांत मागे राहतात. घोडा पूर्ण वाढला की त्यांची मजबुती फारशी वाढतच नाही. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, केवळ कंडरा आणि अस्थिबंध, त्यांचा रक्तपुरवठाही तुटपुंजा. त्यामुळे फसवणूक अशी होते: तिसऱ्या महिन्यात घोडा तगडा आणि उत्साही दिसतो, स्वार काम वाढवतो आणि कंडरा फाटते. ती भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागते, आणि तीच कंडरा पुन्हा दुखावण्याची भीती कायम राहते. वयाचेही तसेच. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाची वाढ पहिल्या वर्षातच थांबते, गुडघ्यावरच्या हाडाची दोन-अडीच वर्षांच्या सुमारास, पण मणक्यांची पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपित्सानर जातीच्या घोड्यांवर चौथ्या वर्षाच्या सुमारास स्वारी सुरू होते. तिथले अनेक घोडे विशीतही काम करतात. या दोन गोष्टींचा संबंध उघड आहे.

नव्या किंवा विश्रांतीनंतर परतलेल्या घोड्याला पहिले चार ते सहा आठवडे फक्त चालवावे. सुरुवात २० मिनिटांनी, मग ४५ पर्यंत. नंतर दुडकी दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये तितकीच चाल. कँटरची, म्हणजे मंद दौडीची, घाई तीन महिन्यांच्या आत करू नये. रोजच्या फेरीत पहिली १० ते १५ मिनिटे लगाम सैल सोडून चालणे हवेच, विशेषतः रात्रभर बांधून ठेवलेल्या घोड्याला. आठवड्यात एक-दोन दिवस रिंगणाबाहेर, चढावर किंवा मातीच्या रस्त्यावर न्यावे. एकाच मऊ वाळूत रोज फिरणाऱ्या घोड्याचे पाय निबर होत नाहीत.

लांब दोरावर गोल फिरवणे, म्हणजे लाँजिंग, हे सोपे वाटते आणि म्हणूनच त्यात जास्तीत जास्त नुकसान होते. वर्तुळ १५ ते २० मीटर व्यासाचे असावे. लहान वर्तुळात आतल्या पायांचे सांधे तिरपे दाबले जातात. दोर तोंडातल्या कडीला न बांधता नाकावरच्या पट्ट्याला, कॅव्हेसनला, लावावा. एकूण २० मिनिटे पुरे, दर चार-पाच मिनिटांनी दिशा बदलून. अंगातली मस्ती जिरवण्यासाठी घोडा दोरावर पळवणे हा व्यायाम नव्हे.

वाकडेपणा काढण्याचे मुख्य साधन म्हणजे शोल्डर-इन. फ्रेंच अश्वगुरू फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर यांनी १७३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. भिंतीच्या कडेने जाताना घोड्याचे खांदे सुमारे ३० अंशांनी आत आणायचे, मागचा भाग वाटेवरच ठेवायचा. समोरून पाहिल्यास तीन रेषा दिसतात: आतला पुढचा पाय, त्याच्या बाजूला बाहेरचा पुढचा व आतला मागचा एकाच रेषेत, आणि शेवटी बाहेरचा मागचा. आतला मागचा पाय अशा वेळी पोटाखाली येऊन वजन उचलतो आणि खांद्यांची झोळी वर येते. हे आधी जमिनीवरून, घोड्याच्या खांद्याजवळ चालत शिकवावे. १० मीटरच्या वर्तुळातून सरळ वाटेवर येताना शोल्डर-इनची पाच-सहा पावले मागावीत, जमली की लगेच सरळ पुढे सोडावे. नेहमीची चूक म्हणजे आतला लगाम ओढणे: मान वळते, बाहेरचा खांदा निसटतो आणि घोडा पूर्वीइतकाच वाकडा राहतो. कोन जास्त झाला तर चार रेषा होतात, लय तुटते. लय तुटली की पावले थांबवून सरळ चालावे, जोर वाढवू नये.

जमिनीवर ठेवलेल्या दांड्या ओलांडत चालवल्याने पाठ आणि पोट दोन्ही कामाला लागतात. मध्यम उंचीच्या घोड्याला चालीसाठी दांड्यांत ८० ते ९० सेंटिमीटर, दुडकीसाठी १.२ ते १.४ मीटर अंतर ठेवावे. घोडा दांड्यांवर घाई करू लागला तर अंतर चुकले आहे किंवा तो थकला आहे. तबेल्यात करायचा सर्वांत स्वस्त व्यायाम गाजराचा. गाजराच्या आमिषाने हनुवटी छातीकडे, मग बरगड्यांकडे, कुशीकडे, मागच्या खुराकडे नेऊन पाच-पाच सेकंद धरायला लावायची, प्रत्येक बाजूस पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस. तीन महिन्यांत पाठीच्या मणक्यांना आधार देणारे खोल स्नायू जाड होतात, हे अल्ट्रासाउंडने मोजलेले आहे.

खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये, आणि पाठ भरत जाते तसे ते दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे. नाकपट्टीखाली नाकाच्या हाडावर दोन बोटे जायला हवीत. मान जबरदस्तीने छातीला टेकवून चालवण्याच्या ‘रोलकूर’ पद्धतीला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० मध्ये अमान्य ठरवले. बारीक साखळ्या-पट्ट्यांनी डोके बांधून तोच परिणाम साधणे तितकेच घातक आहे. नालबंदी चार ते सहा आठवड्यांनी, नाल नसल्यास खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी. कोरड्या चाऱ्याचे प्रमाण रोज शरीराच्या वजनाच्या निदान १.५% हवे.

दुखणे लवकर ओळखणे ही निम्मी निगा आहे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. ही लक्षणे ठळक होण्याआधी घोडा वागण्यातून सांगत असतो. स्यू डायसन या पशुवैद्यांनी स्वारीखालच्या घोड्याची २४ लक्षणे नोंदली आहेत: कान दीर्घकाळ मागे, शेपटी आपटणे, तोंड उघडणे, वारंवार अडखळणे वगैरे. त्यांतली आठ किंवा अधिक दिसली तर हाडा-स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता मोठी. अशा घोड्याला हट्टी ठरवून टाच मारणे अन्याय आहे.

महाराष्ट्रात हे ज्ञान सर्वाधिक उपयोगी पडते ते शर्यतीतून निवृत्त झालेल्या आणि प्रवासी वाहणाऱ्या घोड्यांना. मुंबई किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरून रायडिंग स्कूलमध्ये आलेला घोडा वेगात तरबेज असतो, पण पाठ उचलून चालणे त्याला नवे असते. त्याला आधी काही महिने मोकळ्या कुरणात सोडावे, मग वर सांगितलेला क्रम अगदी पहिल्या पायरीपासून घ्यावा. माथेरानसारख्या चढउताराच्या ठिकाणी भाराची मर्यादा निर्णायक ठरते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २०% पेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ३०० किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा ६० किलो होते. खोगिराचे ८-१० किलो वजा केले तर स्वारासाठी उरतात जेमतेम ५०. उतरणीवर पुढच्या पायांवर आणखी भार येतो, म्हणून तीव्र उतारावर स्वाराने खाली उतरून घोडा हाताने न्यावा.