एसएसडी बसवायच्या आधी दोन मिनिटं हे वाचा

आम्ही पीसीमध्ये एसएसडी बसवून देतो, म्हणजे हार्डडिस्कसारखीच डेटा ठेवणारी, पण फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. ती टाकली की गेमचा एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढेल का, हे आम्हाला इतक्यांदा विचारलं जातं की शेवटी लिहूनच ठेवलं. नाही वाढत. एफपीएस हे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं काम. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि हेडला दर वेळी योग्य जागी सरकावं लागतं, त्यात १० मिलिसेकंदाच्या आसपास जातात, आणि गेम तर हजारो ठिकाणचा डेटा मागत असतो, म्हणून मॅप लोड होताना तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता, मोठ्या ओपन वर्ल्डमध्ये भिंती आधी धूसर दिसतात, गाडी जोरात पळवली की झटका बसतो. एसएसडीने हे जातं. आता काही गेम हार्डडिस्क मोजतच नाहीत, २०२३ च्या स्टारफील्डने किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली होती. रॅम कमी असल्यामुळे अडकत असेल तर मात्र एसएसडीवर खर्च करू नका, आधी रॅम बघू.

एसएसडी जोडायच्या दोन पद्धती, जुनी साटा आणि नवी, वेगवान एनव्हीएमई. कुठली घ्यायची? साटा सेकंदाला साधारण ५५० एमबी, एनव्हीएमई ३५०० ते ७००० आणि पुढेही, पण गेम लोड व्हायला फरक बहुतेक वेळा काही सेकंदांचाच. खरी उडी हार्डडिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येताना असते. जुन्या मदरबोर्डावर एम.टू स्लॉट (एसएसडी थेट बोर्डात खोचायची जागा) नसेल तर साटा बिनधास्त घ्या. स्लॉट असेल तरी तो साटावाली एम.टू घेतो की फक्त एनव्हीएमई, हे बोर्डाच्या मॉडेलवर ठरतं, म्हणून आम्ही आधी मॉडेल विचारतो.

आता मुख्य गोष्ट. लोक घरी नवी एसएसडी लावतात, जुनी हार्डडिस्क तशीच जोडलेली ठेवतात आणि विंडोज टाकतात. इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर बूटचं पार्टिशन (पीसी चालू होताना लागणाऱ्या फायलींचा भाग) सापडलं की तो बरेचदा तेच वापरतो, म्हणजे विंडोज एसएसडीवर आणि बूटच्या फायली हार्डडिस्कवर! महिनाभर सगळं झकास चालतं, मग एक दिवस जुनी डिस्क काढून भावाला दिली जाते, पीसी चालूच होत नाही, आणि आम्हाला फोन येतो की तुमची एसएसडी गेली. एसएसडी ठणठणीत असते हो. बूट परत उभं करण्यात आमचा अर्धा दिवस जातो आणि तुमचा त्याहून जास्त.

म्हणून विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढा, विंडोज एसएसडीवरून नीट चालू झालं की परत जोडा. एवढंच. आम्ही पूर्ण पीसी घेऊन या म्हणतो आणि बसवायचे वेगळे पैसे घेतो, ते काहींना खटकतं, पण त्यात ही काळजी, बायोसमधला बूटचा क्रम (पीसीने आधी कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं ते), सगळं येतं आणि नंतर अडलं तर जबाबदारी आमची.

साइज? १ टीबीच्या खाली आम्ही गेमरला सुचवत नाही, १०० जीबीच्या पुढचे गेम आता बरेच आहेत आणि एसएसडी काठोकाठ भरली की ती मंदावते. जुनी हार्डडिस्क फेकू नका, व्हिडिओ आणि जुने गेम तिच्यावर राहू देत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम परत डाउनलोड करायची गरज नाही, स्टीममधूनच दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात.

आणि पीसी आणताना गेमचे सेव्ह (खेळ कुठपर्यंत आला त्याच्या फायली) कुठे आहेत ते बघून या, ते बरेचदा डॉक्युमेंट्समध्ये असतात. नाही सापडले तर फॉरमॅट करायच्या आधी सांगा, आम्ही शोधून कॉपी करून देतो, नंतर सांगून उपयोग नाही.