सीएनसी नियंत्रकाचे प्रोग्रॅमिंग आणि दोषनिवारण

लेथ किंवा मिलिंग मशीनचे अक्ष, स्पिंडल आणि टूल बदलणारी यंत्रणा लिहून दिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे चालवणारा संगणक म्हणजे सीएनसी (संगणकीय अंकीय नियंत्रण) नियंत्रक. वर्कशॉपात त्याला नुसते ‘कंट्रोल’ म्हणतात. अंकीय नियंत्रणावर चालणारी पहिली मिलिंग मशीन अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आली. कोकणात महाड, लोटे-परशुराम, खेर्डी, मिरजोळे, कुडाळ अशा औद्योगिक वसाहतींत ही मशीन कामाला आहेत. रासायनिक कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट आणि स्लीव्ह, मच्छीमार बोटींचे बुश ही तिथली नेहमीची कामे. पुढे दिलेले कोड (जी-९६ सारख्या आज्ञा) आणि अलार्म क्रमांक फॅनक या जपानी कंपनीच्या पद्धतीचे आहेत.

किनारपट्टीवर मशीन थांबले की पहिला संशय कंट्रोलच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर जातो. कार्ड खरोखर गेलेले असते ते क्वचित. प्रोग्रॅममधली दशांश बिंदूची चूक, ऑफसेटमधली (टूलच्या मापाच्या नोंदीतली) गफलत, कच्चे अर्थिंग आणि दमट हवा एवढे तपासून झाल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नये.

लेथवरचे प्रोग्रॅमिंग

लेथवर एक्सची, म्हणजे जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) मध्याकडे जाणाऱ्या अक्षाची, किंमत व्यासात देतात. एस.एस. ३१६ (स्टेनलेस स्टील) ची ५० मिमी व्यासाची स्लीव्ह मिनिटाला १४० मीटर वेगाने कापायची असेल तर स्पिंडलचे फेरे सुमारे ८९० येतात. जी-९६ (कापण्याचा वेग स्थिर ठेवणारा कोड) लावून तोंड मारताना (जॉबचा सपाट चेहरा कापताना) टूल केंद्राकडे जाते तसे फेरे वाढत जातात. १० मिमी व्यासावर ते ४,४५० च्या वर पोचतात. म्हणून आधी जी-५० एस-२००० अशी मर्यादा घालावीच लागते (जी-कोडची बी पद्धत असलेल्या कंट्रोलवर तेच काम जी-९२ करतो). ही ओळ विसरली आणि चकचा (जॉब धरणाऱ्या पकडीचा) दाब कमी असला तर जॉब जॉमधून सुटतो.

रफिंगसाठी (आधीच्या जाड कापासाठी) जी-७१ च्या दोन ओळी लिहितात. पहिलीत कापाची खोली, दुसरीत आकाराच्या सुरुवातीच्या व शेवटच्या ओळीचे क्रमांक आणि फिनिशिंगसाठी ठेवायचा माल. फिनिशिंगला नोज रेडियसची (टूलच्या गोल टोकाची) भरपाई चालू नसली तर सरळ व्यास बरोबर येतो, पण चॅम्फर (तिरकी कापलेली कड) आणि टेपर चुकतात. ०.८ रेडियसच्या इन्सर्टने २ मिमीचा ४५ अंशांचा चॅम्फर मारला तर तो दीडच मिमीच्या आसपास येतो. भरपाईचा जी-४२ लावला, ऑफसेटच्या पानावर रेडियस ०.८ आणि टोकाची दिशा ३ भरली की हा फरक जातो. दिशेचा रकाना शून्य राहणे ही नव्या सेटरची ठरलेली चूक.

आटे पाडताना जी-९६ चालत नाही. जी-९७ घालून फेरे स्थिर ठेवावे लागतात. एम-२४, १.५ पिचच्या आट्याची खोली ०.९२ मिमी, म्हणून शेवटचा व्यास २२.१६. जी-७६ मध्ये ही खोली पी-९२० अशी मायक्रॉनमध्ये, बिंदू न देता लिहितात. बिंदू दिला तर अलार्म ००७ येतो. टूल आट्याच्या आधी निदान ३ पिच अंतरावरून सुटावे, नाहीतर पहिले आटे आखूड पिचचे पडतात आणि नट अडकतो. सगळे बरोबर असूनही दर पासला आटे सरकत असतील तर स्पिंडल एन्कोडरचा (फेरे मोजणाऱ्या उपकरणाचा) पट्टा ढिला झालेला असतो.

बिंदूचा घोळ उलटाही होतो. बहुतेक मशीनवर एक्स-५० असे बिंदूशिवाय लिहिले की कंट्रोल ५० मायक्रॉन समजतो आणि टूल जॉबच्या मध्याकडे धावते. वेअर ऑफसेटमध्येही तेच. जॉब ५०.०६ आला आणि ५०.०० हवा असेल तर एक्समध्ये उणे ०.०६ टाकून ‘प्लस इनपुट’ दाबायचे, कारण आधीच्या आकड्यात भर घालायची असते. नुसते ‘इनपुट’ दाबले तर आधी भरलेली दुरुस्ती पुसली जाते आणि पुढचा जॉब भलत्याच मापाचा निघतो. असा जॉब हातात आला की लोक बॉल स्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) शोधत बसतात.

मिलिंगवर

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर) जॉबचा शून्य जी-५४ ते जी-५९ मध्ये आणि टूलची लांबी जी-४३ सोबत एच क्रमांकाने देतात. टूल ३ लावून एच-०२ लिहिले की टूल वाइसमध्ये (जॉब धरणाऱ्या शिकंज्यात) घुसू शकते. टूल आणि एच यांचे क्रमांक एकच ठेवण्याची शिस्त याचसाठी. टॅपिंगला फीड म्हणजे पिच गुणिले फेरे: एम-८, १.२५ पिच, ४०० फेरे, तर फीड ५००. आतल्या कोपऱ्याचा रेडियस कटरपेक्षा लहान असेल तर अलार्म ०४१. कमानीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा रेडियस जुळत नसेल तर ०२०. दोन्हींत दोष प्रोग्रॅममध्ये असतो.

नवा प्रोग्रॅम जॉबच्या वर झेड ५० मिमी उचलून, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबून), रॅपिड (न कापता धावण्याचा वेग) सर्वांत कमी ठेवून चालवावा. वीज मध्येच गेली तर चालू ओळीपासून पुन्हा सुरू करू नये. टूल बदलाच्या ओळीपासून सुरू केले तरच जी-९०, जी-४३ आणि स्पिंडलची आज्ञा पुन्हा लागू होते.

अलार्म वाचणे

४११ म्हणजे अक्षाला जिथे असायला हवे होते त्यापेक्षा तो फार मागे पडला. आधी यांत्रिक कारणे पाहावीत: ल्युब्रिकेशनची टाकी रिकामी, कव्हरखाली अडकलेला चुरा, पावसाळ्यात गंजून आवळलेला गिब (स्लाइडमधली पट्टी). उभ्या अक्षावर ब्रेकला २४ व्होल्ट पोचतात का ते तपासावे. झेडचा ब्रेक किंवा मोटर सोडण्यापूर्वी स्पिंडल हेडखाली लाकडी ठोकळा देणे बंधनकारक समजावे. हेड कोसळल्यावर पळायला वेळ नसतो.

४०१ (ड्राइव्ह तयार नसल्याचा अलार्म) आला तर इमर्जन्सी स्टॉपची साखळी, दाराचा स्विच आणि मुख्य कॉन्टॅक्टर तपासून मगच ड्राइव्हकडे (मोटरला वीज देणाऱ्या युनिटकडे) वळावे. मोटरमध्ये कूलंट शिरल्याचा संशय असेल तर केबल ड्राइव्हपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजावे. मोटर ड्राइव्हला जोडलेली असताना मेगर लावला तर ड्राइव्हच जळतो. १०० मेगाओहमच्या वर असेल तर मोटर ठीक. १० ते १०० असेल तर ऱ्हास सुरू झाला. १ च्या खाली गेल्यास ती लावू नये.

बॅटरी

कंट्रोलच्या मेमरीसाठी ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ॲब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षाची जागा लक्षात ठेवणाऱ्या उपकरणाची) बॅटरी वेगळी. जुन्या मशीनवर ती ४ मोठ्या अल्कलाइन सेलच्या डब्यात असते. ३०७ दिसला की एन्कोडरची बॅटरी उतरायला लागली. ती मशीन चालू ठेवूनच, इमर्जन्सी दाबून बदलावी. बंद मशीनवर सेल काढले तर अक्षांची जागा विसरली जाते आणि ३०० येतो. मग प्रत्येक अक्ष हँडव्हीलने हलवून यांत्रिक खुणेवर आणायचा, पॅरामीटर लिहिण्याची परवानगी द्यायची (अलार्म १०० येतो, घाबरू नये), १८१५ चा बिट क्रमांक ४ हा १ करायचा आणि वीज बंद करून पुन्हा चालू करायची. खूण अर्धा मिमी चुकली तरी व्हीएमसीवर टूल बदलणारा हात होल्डरला धडकू शकतो; पहिला टूल बदल म्हणून अगदी सावकाश घ्यावा. पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या तर्काचा प्रोग्रॅम), ऑफसेट आणि मॅक्रो यांची प्रत मे महिन्यातच मेमरी कार्डावर काढून ठेवलेली बरी.

वीज, जांभा आणि दमट हवा

जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की रोध वाढतो आणि आरएस-२३२ केबलवरून प्रोग्रॅम पाठवताना ०८५, ०८६ असे अलार्म उगाचच येऊ लागतात. मार्चपासून खड्ड्यात पाणी घालावे आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातला व्होल्टेज २ च्या आत आहे ना ते मोजावे. वेल्डिंग मशीनचे अर्थिंग याच खड्ड्याला जोडू नये.

जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो. पॅनलचा एसी २२ वर ठेवून दार उघडले की थंड कार्डांवर लगेच पाणी धरते, आणि त्यात खारी हवा मिसळते. हिरवे पडलेले कनेक्टर आणि पांढरी बुरशी धरलेले सोल्डर अशाच पॅनलमध्ये सापडतात. एसी ३३ ते ३५ वर ठेवावा, दाराची रबर पट्टी शाबूत असावी आणि दार उघडायचे तर एसी आधी अर्धा तास बंद करावा. गरम होते म्हणून दार उघडे टाकून टेबल फॅन लावण्याची रीत इकडे सर्रास आहे. कंट्रोल मारायचा तो सर्वांत स्वस्त उपाय.

विहिरीचे मचूळ पाणी कूलंटमध्ये घातले तर तेल फाटते आणि एम.एस.चा (साध्या पोलादाचा) जॉब रात्रीत तांबूस होतो. गोडे पाणी वापरून रिफ्रॅक्टोमीटरवर तेलाचे प्रमाण ६ ते ८ टक्के ठेवावे.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीला चिपळुणात आला तसा पूर मशीनमध्ये शिरला तर वीज अजिबात देऊ नये. चिखल गोड्या पाण्याने धुऊन, कार्डे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून आणि मेगर घेऊनच पुढे जावे. पाण्यात बुडालेला एन्कोडर सहसा वाचत नाही.

गणपतीला वर्कशॉप आठवडाभर बंद राहते तेव्हा स्लाइडवर गंजरोधक तेल फिरवून टेबल झाकावे. परत आल्यावर आधी पॅनलमधला ओलावा पाहावा, ल्युब्रिकेशन पंप हाताने दोन-चार वेळा मारावा, प्रत्येक अक्ष पूर्ण प्रवासभर सावकाश फिरवावा आणि स्पिंडल ३०० ते ५०० फेऱ्यांवर १५-२० मिनिटे चालवूनच जॉब चढवावा.