मातृवंदनेचे पैसे नेमके कुठे अडतात

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी. फॉर्म आशाताई भरून देतात. पात्रतेसाठी अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एकच कागद पुरतो. सगळे गोळा करत बसू नका.

खरी अडचण बँकेत आहे. बायका पासबुक दाखवून सांगतात, "आधार जोडलंय की." पण बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं असं नाही. हे पैसे आधार क्रमांकावर येतात आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार ज्या बँकेत शेवटचं जोडलं गेलं, तिथे जाऊन पडतात. लग्नाआधी शिष्यवृत्तीसाठी माहेरी काढलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं आठवा. हप्ता बहुतेक तिथेच गेलेला असतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी बँकेत एवढंच विचारा: "माझं डीबीटी कुठल्या खात्याला आहे?" खातं बाईच्या स्वतःच्या नावाचंच हवं.

दुसरी गोम नावाची. आधारवर माहेरचं आडनाव आणि माता-बाल संरक्षण कार्डावर सासरचं. सातव्या महिन्यात आधार केंद्राच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा पहिल्याच तपासणीला कार्डावर आधारप्रमाणे नाव लिहून घ्या.

त्याच कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख असते. परवा एका मुलीच्या कार्डावर ५ चा ६ केलेला पाहिला, वर शाई फिरवलेली. पहिल्या हप्त्यासाठी त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झालेली लागते, त्यामुळे खाडाखोड असेल तर एएनएमताईंकडून, म्हणजे आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंकडून, तिथल्या तिथे दुरुस्त करून सही घ्या.

आणि नवऱ्याचं आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं, तर मुकाट्याने घरी येऊ नका. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत ते सक्तीचं नाही. टाकून दिलेल्या, एकट्या पडलेल्या बाईला ते कागद कुठून आणायला सांगता? त्याच बाईला या पैशांची सगळ्यात जास्त गरज असते.

दुसऱ्या हप्त्याला बाळाचा जन्मदाखला आणि लसीकरणाची पहिली फेरी लागते. जन्मल्यावर दिलेली बीसीजी म्हणजे ही फेरी नव्हे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस पूर्ण होऊन कार्डावर तारखा चढायला हव्यात. बाळंतीण माहेरी असेल तर डोस तिथे घ्या, पण कार्ड सोबत न्या. ते सासरच्या कपाटात राहिलं तर लस टोचूनही नोंद कोरीच राहते.

दुसरं बाळ मुलगी असेल तर अर्जाची मुदत जन्मापासून २७० दिवसांची आहे. लोक ती नऊ महिने धरतात आणि तिथेच चुकतात, कारण कॅलेंडरचे नऊ महिने २७३ ते २७६ दिवसांचे भरतात. मुलीच्या जन्मतारखेपासून दिवस मोजा आणि शेवटची तारीख कार्डाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.